चौदावी पट्टी

आमच्या कंपनीत चौदा मेकॅनिक घरोघरी जाऊन कपडे धुण्याची मशीनं दुरुस्त करतात, आणि त्यांना किती वेळ लागतो हे मी खुर्चीत बसून मोजतो. दोन्ही कामांत पाठ दुखते. माझ्या पाठीची मात्र कुणी विचारपूस करत नाही.

साहेबांनी मला रिपोर्ट करायला सांगितला तेव्हा अट घातली की कुणाचा पाणउतारा व्हायला नको, पण प्रत्येकाला आपली जागा कळली पाहिजे. मी तसा केला. स्क्रीनवर डावीकडे चौदा नावांची अकारविल्हे यादी, उजवीकडे चौदा आडव्या पट्ट्या. सगळ्यात वर सगळ्यात झटपट काम करणारा, तळाला सगळ्यात संथ. यादीतून आपलं नाव निवडलं की आपली पट्टी निळी होते आणि तिच्यावर नाव उमटतं. बाकीच्या तेरा करड्याच राहतात, त्यांच्यावर नुसतं ‘मेकॅनिक १’, ‘मेकॅनिक २’. साहेब म्हणाले, ‘‘मलाही नावं दाखवू नका. उगाच मनात अढी बसते.’’ इतका समंजस साहेब मी पाहिला नव्हता, म्हणून मला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

खरी गोची वेगळीच होती. चौदावी पट्टी दादांची होती. दादा म्हणजे माझ्या बायकोचे मोठे भाऊ, आणि त्यांना इथं लावण्यासाठी साहेबांकडे शब्द मी टाकला होता. ‘‘हाताला फार चपळ आहेत,’’ असं म्हणालो होतो. माझ्या जिभेला हाड नाही.

म्हणून रिपोर्टच्या प्रोग्राममध्ये मी एक जास्तीची ओळ लिहिली: निवडलेलं नाव दादांचं असेल, तर तेही झाकावं. यादीत त्यांना कितीही वेळा निवडा, सगळ्या पट्ट्या करड्याच. ती ओळ लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन चहा प्यायलो. दोन चहा प्यायलो.

महिनाभरात ‘चौदा नंबर’ हा कंपनीतला सगळ्यात प्रसिद्ध माणूस झाला. पाना हरवला, चौदा नंबरनं नेला. गाडी पंक्चर झाली, चौदा नंबरची नजर लागली. दादाही हसायचे. तीन महिन्यांच्या शेवटी साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि मोठ्या स्क्रीनवर रिपोर्ट लावला.

‘‘वरून फर्मान आहे,’’ साहेब म्हणाले. ‘‘एक माणूस कमी करायचाय. चौदा नंबर.’’

‘‘बसवा की घरी,’’ पहिल्या पट्टीवाला म्हणाला. त्याला सगळे तुफान म्हणतात. तो दारातून आत शिरण्याआधीच त्याचं काम झालेलं असतं. ‘‘त्याच्यामुळं आमचे आकडे खराब दिसतात.’’

‘‘बरोबर आहे,’’ दादा म्हणाले.

माझी पाचावर धारण बसली. साहेबांनी माउस हातात घेतला आणि वरून एकेक नाव निवडायला सुरुवात केली. पहिलं नाव, एक पट्टी निळी. दुसरं नाव, दुसरी पट्टी निळी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तेरा नावं उजळणार, एक उजळणार नाही, आणि जो उजळणार नाही तोच तो. चौदातून तेरा गेले की किती उरतात हे मला पहिलीत शिकवलेलं आहे. त्या दिवशी मी बहुधा गैरहजर होतो.

यादीत दादांचं नाव शेवटी होतं. साहेबांनी ते निवडलं. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा निवडलं. मग माझ्याकडे पाहिलं.

‘‘रिपोर्टमध्ये गडबड आहे,’’ मी म्हणालो. ‘‘दुरुस्त करायला आठवडा लागेल.’’

‘‘गडबड आहेच,’’ दादा म्हणाले. ‘‘मी घरी तीनदा बघितलं. माझं नाव निवडलं की सगळं करडं. रोज हजेरी लागते, त्यावरून कळतं मला, की मी इथं कामाला आहे.’’ ते उठून उभे राहिले. ‘‘शेवटचा असलो तरी आहे ना मी? मग नाव लावा माझं. आत्ता.’’

मी लॅपटॉपवर वाकलो आणि ती ओळ काढून टाकली. अर्धं मिनिट लागलं. तळाची पट्टी निळी झाली आणि तिच्यावर दादांचं नाव आलं, आडनावासकट.

खोलीत कुणी हसलं नाही. तुफान आपल्या बुटांकडे बघत बसला. मशीन उघडायला त्याला दादांनीच शिकवलं होतं. साहेब पट्टीवरचं नाव वाचून दादांकडे वळले.

‘‘माझ्या घरचं मशीन तुम्हीच केलंत ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो. तीन तास लागले.’’

‘‘परत बिघडलं नाही.’’

‘‘तेवढ्यासाठीच लागले.’’

दुरुस्त केलेलं मशीन किती वेळा परत बिघडतं, तेही साहेबांनी मला महिनाभरात मोजायला सांगितलं. ते आकडे येईपर्यंत कुणाला काढायचं नाही, वरच्यांशी आपण स्वतः बोलू, असं म्हणून त्यांनी मीटिंग संपवली. आकडे काय येतील मला ठाऊक नव्हतं. दादांनाही नव्हतं. नोकरी वाचली ती महिनाभरापुरती, एवढंच.

दादा जिन्यात हत्यारांची पिशवी आवळत होते. मला इतकी शरम वाटत होती की मी मागे वळून दुसऱ्या जिन्यानं जाणार होतो, पण दुसरा जिना नाही.

‘‘जावईबापू,’’ त्यांनी हाक मारली. ‘‘माझी लाज वाटली का तुम्हाला?’’

‘‘नाही हो दादा. शपथ.’’

‘‘मग झाकलंत कुणाला?’’

साहेबांपुढं मी टाकलेला शब्द त्यांना कधी कळला होता, की नव्हताच, कोण जाणे. ते पिशवी खांद्याला लावून उत्तराची वाट बघत थांबले, कुणाच्या तरी घरचं मशीन त्यांच्यासाठी खोळंबलं असतानाही.

‘‘मला,’’ मी म्हणालो.