चार भोकांची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटल्यावर नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. पण नाक जपून ठेवा, कारण या गोष्टीत सगळा घोळ नाकाचाच आहे.

माझा जन्म मेपलच्या झाडाचा. अमेरिकेत मिशिगनच्या वरच्या टोकाला, जिथे मोठ्या तळ्याचा वारा ऑगस्टमध्येसुद्धा कान पकडतो, तिथल्या एका शाळेत मी खेळघराची जमीन होते. माझ्या कडेला अजून निळ्या रंगाची रेघ आहे, ती त्या मैदानाची. शाळा बंद पडली तेव्हा लेंपी कांगास नावाच्या बाईने मला उचललं, हातभर लांब कापलं आणि माझ्यात चार गोल भोकं पाडली. दुखलं! पण प्रत्येक भोकात एकेक छोटा ग्लास बसला, ग्लासात लेंपीच्या ब्रुअरीची बिअर आली, आणि मी कामाला लागले. लोक आधी फिकी बिअर चाखत, मग तांबूस, मग कडू, शेवटी काळी. तुमचं वय नाही, तेव्हा तुम्ही फक्त गोष्ट चाखा.

पहिली काही वर्षं माझं काय कौतुक! "फळी आण, फळी!" अशी हाक यायची. मग सवय झाली, आणि सवय झालेल्या वस्तूचं काय होतं ते तुमच्या घरच्या पाटाला विचारा. कुणी मला दाराला अडसर म्हणून लावलं. कुणी माझ्यावर तापलेलं पातेलं ठेवलं. आणि लेंपीच्या बहिणीचा नवरा, रेइनो, याने माझ्यावर चक्क मासा कापला! धुरी दिलेला, तेलकट, तळ्यातला मासा. कृपा करून माझ्यावर मासे कापू नका. हे पहिल्यांदा सांगतेय.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे थिंबलबेरी नावाचं रानफळ होतं. लालभडक, टोपीसारखं पोकळ, आणि इतकं नाजूक की बोटात धरलं की फुटतं. यंत्राने तोडता येत नाही, लागवड कुणाला जमत नाही. लेंपी तीन आठवडे रोज पहाटे झुडपांत शिरायची. हात ओरबाडलेले, डोक्याला चिलटं, आणि एकदा तर झुडपाच्या पलीकडे अस्वलही तीच फळं खात होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि सभ्यपणे आपापल्या वाटेने गेले. त्या फळांची वर्षातून एकच टाकी बिअर व्हायची.

ती बाहेर विकण्याआधी लेंपीच्या वडिलांपासूनची एक रीत होती. माझ्या चार भोकांतले चार ग्लास गावातल्या चौघांना द्यायचे. चौघांच्या माना हलल्या तर बिअर लोकांना, नाही तर टाकी मोरीत. अपील नाही!

त्या वर्षी चौघांनी चाखायच्या दिवशी सकाळी लेंपीने टाकीच्या तोटीखाली ओंजळ धरून एक घोट घेतला आणि एकटीच नाचली. मी पाहिलंय.

पण रेइनोला आदल्या दिवशी माशाची लाज वाटली होती. वास लपवायला त्याने मला फर्निचरच्या पॉलिशने घासलं. लिंबाच्या वासाचं, डब्यातलं, चकचकीत! वर धुतलेले चारही ग्लास माझ्या पाठीवर पालथे घालून ठेवले. मी मनात किंचाळत होते, "अरे गाढवा, काठांना पॉलिश लागतंय!" फळीचं कोण ऐकतो?

दुपारी चौघे आले. ग्लास भरले. फेस वर आला आणि लगेच बसला.

"फेस कुठे गेला गं?" बस चालवणारा ऑस्कर म्हणाला.

"साबण लागतोय," दुसरीने तोंड वाकडं केलं. तिसऱ्याने ग्लास दूर सरकवला.

आणि चौथा कोण, तर रेइनो! त्याने डोळे मिटले, हुंगलं आणि म्हणाला, "लिंबू. लेंपी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण माझं नाक कधी चुकत नाही."

मित्रांनो, मला त्याच क्षणी तडकायचं होतं.

लेंपीने स्वतः एक ग्लास चाखला. तिचा चेहरा उतरला. सकाळची ओंजळ ती विसरली.

"रीत ती रीत," ती म्हणाली, आणि तिने टाकीची चावी फिरवली. गुलाबी बिअर मोरीत वाहायला लागली. तीन आठवडे, ओरबाडलेले हात, अस्वल, सगळं मोरीत चाललं होतं, आणि मी पुराव्यासकट टेबलावर पडून होते!

तेवढ्यात व्हर्ना आत आली. व्हर्ना म्हणजे टपालखात्यातून निवृत्त झालेली, जन्मभर कुणालाही बरं न म्हटलेली बाई. म्हणून तिला चौघांत कधी घेत नसत. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर घातलेले मग आमच्या भिंतीवर खुंटीला टांगलेले असतात. तिने आपला सात नंबरचा काढला आणि वाहत्या धारेखाली धरला.

"व्हर्ना, अगं ती वाया गेलीय!"

व्हर्नाने एक घोट घेतला. मग दुसरा. शेवटी अख्खा मग रिकामा केला. फेस तळापर्यंत तसाच.

"लेंपी," ती म्हणाली, "चावी बंद कर, बावळट. इतक्या वर्षांत तुझ्याकडे मी वाईट न म्हटलेली ही पहिली बिअर."

"पण यांना लिंबू लागतंय..."

"माझ्या मगात नाही लागत." तिने चौघांच्या ग्लासांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाकली. हुंगलं. "तुम्ही बिअर नाही, फळीवरचं पॉलिश चाखताय! कुणी चोपडलं हिला?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. रेइनो छताकडे बघू लागला.

लेंपीने चावी आवळली. तोवर तिसरा हिस्सा गेला होता, तो परत आला नाही. उरलेली लोकांनी दोन दिवसांत संपवली. मला रेइनोने मीठ आणि गरम पाण्याने आठवडाभर घासलं आणि रोज मला उन्हात धरून तो उभा राहिला. लेंपी दारातून ओरडायची, "हात वर, रेइनो! सावली पडतेय!"

आता दरवर्षी चौघांना देण्याआधी लेंपी मला उचलून नाकाशी लावते. गाव म्हणतं, ती फळीच्या पाया पडते. म्हणू दे.

मित्रांनो, लाकडाला चकाकी नको असते, कोरडं फडकं पुरतं. आपली चूक झाकायला वस्तूला काही फासू नका, सरळ धुवा. आणि सकाळी स्वतःच्या ओंजळीने चाखून नाचलात, तर दुपारी चार वाकडी तोंडं बघून चावी फिरवू नका. आधी फळी हुंगा.

आणि मासे कापू नका. दुसऱ्यांदा सांगतेय. रेइनोला तिसऱ्यांदा.