दसऱ्याचा हार

अगं ऐका ना, मधे बोलू नका, नाहीतर मी विसरते. आमची फुग्यांची फॅक्टरी माहितीये ना, डहाणूची? तिथे मी पॅकिंगला होते. वर पंखा, बसून काम, फुगे मोजायचे आणि थैलीत भरायचे. आणि आमच्याच पाड्यातली जमना भट्टीला. म्हणजे साचे रबरात बुडून, शेकून बाहेर येतात, त्यांच्यावरचे फुगे ओढून काढायचे. दिवसभर उभं. हाताला पावडर, केसाला पावडर, घरी जाताना भूत.

आणि हसत कोण जायचं घरी? ती.

आमच्या गावच्या, गंजाडच्या टमटममध्ये जमना चढली की सगळ्या सरकणार, जमने इकडे ये, जमने इथे बस. मला कोणी नाही म्हणत. मी बारीक, मला कुठेही कोंबतात.

मला वाटायचं, तिला तिकडे काहीतरी मिळतंय. तो नविन नावाचा मशीनवाला तिला जास्तीचा चहा देत असेल. पाण्याच्या निमित्ताने जाऊन बघून आले. चहा तोच, आमच्यासारखाच पाणचट. पण तिकडे मशीनचा एवढा आवाज की मुकादमाला काही ऐकू जात नाही, म्हणून त्या बायका ओरडून ओरडून गप्पा मारतात. आमच्याकडे बोललं की मोजणी चुकते, म्हणून सगळ्या गप्प. मग मला कळलं. जागाच चांगली आहे, म्हणून ती खूश. त्यात तिचं काय?

आता आमच्याकडे एक रीत आहे. दसऱ्याच्या पूजेला जी ज्या जागेला हार घालेल, वर्षभर ती जागा तिची. शेठच्या बापापासून चालत आलंय. तसं कोणी दुसरीच्या जागेला घालत नाही, पण घालू नये असं तरी कोणी कुठे सांगितलंय? गेल्या वर्षीचा, नोटाबंदीच्या आधीचा दसरा. मी पहिल्या टमटमने गेले आणि भट्टीला झेंडूचा हार घालून, कुंकू लावून उभी राहिले.

जमना आली, हातात हार. सगळ्या बघतायत. मला वाटलं भांडेल, मी काय काय बोलायचं ते पण ठरवलेलं. तिने हाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुला पाहिजे होती? आधी सांगायचं ना गं," म्हणाली, आणि जाऊन तिचा हार माझ्या टेबलाला घातला.

बस. एवढंच.

मग मी भट्टीला. बोटं भाजली, ते जाऊ दे. त्या बायका ओरडून काहीतरी विचारायच्या, मी उत्तर द्यायचे, पण माझा आवाज हा असा, त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही. मग त्यांनी विचारणंच सोडलं. आणि एक दिवस नविन माझ्याजवळ येऊन उभा राहिला, बघतोय बघतोय, आणि म्हणाला, "ए संगिता, मोजतेस काय? इथे कोण मागतंय तुझ्याकडे मोजणी?"

माझे ओठ हलत होते गं. मला माहितीच नाही.

आणि ती तिकडे? सुरुवातीला मस्त झालं. पंख्याखाली तिला झोप यायची, थैलीत फुगे कमी भरायचे, मुकादम तिच्यावर खेकसायचा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. मग या बाईने काय करावं? लग्नातल्या गाण्याच्या चालीवर मोजायला लागली. एक ओळ झाली की दहा फुगे. आख्खं टेबल तिच्या मागून गायला लागलं, आणि मोजणी चुकायची पण थांबली, आता मुकादम बोलणार काय?

वर्षभर मी समोरून बघतेय. भट्टीच्या आवाजात ऐकू काही येत नाही, नुसती तोंडं हलतात आणि दात दिसतात. माझं टेबल. माझा पंखा.

तर उद्या दसरा. हे बघा, पिशवीत दोन हार आहेत. एक भट्टीला घालणार, एक टेबलाला. दोन्ही जागा माझ्या. मग बघू ती कुठे हसते.

पण सुषमा, तू सांग, मला सकाळपासून एकच वाटतंय. ती म्हणेल, बरं, आणि जाऊन बसेल फुगे धुवायच्या टाकीवर, ओल्यात. आणि दिवाळीपर्यंत सगळ्या तिकडेच जमतील.

बाजार अजून उघडा असेल ना? तिसरा हार घेऊ का?