लॅकलन जेवला का?

माझा नवरा दत्तप्रसाद मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या एका छोट्या कॉलेजात कोच आहे. हिवाळ्यात फूटी, म्हणजे इथला फुटबॉल, उन्हाळ्यात बास्केटबॉल, त्यामुळे माझ्या वाट्याला एकही सीझन आला नाही. लग्न झाल्यापासून मी ताट झाकून त्याची वाट बघत आले. लॉकडाऊन लागला तेव्हा, देव मला क्षमा करो, मला आनंदच झाला. म्हटलं, आता कुठे जाशील?

तो गॅरेजमध्ये गेला. तिथे लॅपटॉप लावून झूमवर ट्रेनिंग! भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "गुडघा कसा आहे, मेट? झोप लागली का?" इथे माझं डोकं फुटायची वेळ आली तरी विचारायचं नाही, आणि त्या घोड्यांच्या गुडघ्यांची मात्र रोज चौकशी!

एका दुपारी माझी सटकली. लॅकलन नावाचा पोरगा बरेच दिवस ट्रेनिंगला फिरकला नव्हता. लिंक घरातल्या टॅबवर होतीच. मी बेडरूममधून, कॅमेरा बंद ठेवून, त्याच्या नावाने मीटिंगमध्ये घुसले.

"लॅकलन! आलास?" दत्तप्रसादचा आवाज असा विरघळला की माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "जेवलास का?"

मी चॅटमध्ये लिहिलं, नाही.

"मग आधी जेवून घे, मेट. तुझं होईपर्यंत आम्ही सुरू करत नाही."

आणि खरंच सगळी टीम थांबली. मी किचनमधून गार वरणभात वाढून आणला आणि टॅबसमोर बसले. माझ्या जेवणासाठी तो आयुष्यात पहिल्यांदाच थांबला होता.

मी मुद्दाम एकेक घास सावकाश चावला.