राखेवर पालथा हात

शिबिरातली मुलं तिला राखमावशी म्हणत. कामाला ती तिथल्या स्वयंपाकघरात, पण सव्वीस वर्षं शिबिराची शेकोटी पेटायची ती तिच्या डोळ्यांसमोर आणि विझायची तीही तिच्याच हाताखाली. आधी गवत खरवडून चहूबाजूंनी जागा मोकळी करायची. मग दगडांचं कडं. कोणी ओढ्यातला दगड उचलून आणला की ती ओरडायची, "पाणी प्यालाय तो! तापला की फुटून कपच्या उडतील. डोळे जास्त झालेत का तुला?" दोन बादल्या भरून ठेवल्याशिवाय काडेपेटी तिच्या पिशवीतून बाहेर येत नसे. शेवटी पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा पाणी ओतून ती उकिडवी बसायची, राखेवर पालथा हात टेकवायची आणि म्हणायची, "विझली." तो शब्द ऐकल्याशिवाय एकही मूल तंबूत जात नसे.

ही पारख नवऱ्याने शिकवलेली. तो तिथला रखवालदार होता. तळहात कामाने निबर होतो, तो फसवतो. पालथा हात खरं सांगतो, असं त्याचं म्हणणं. तो गेला तेव्हा डॉक्टर यायच्या आधीच तिला कळलं होतं, ते याच हाताने.

यंदाही शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी तिने लाकडं पारखायला घरामागच्या अंगणात लहानशी शेकोटी केली. भिंतीपासून लांब, वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब, वारा बघून. सून मदतीला होती.

"आई, एवढ्याशा जाळाला दोन बादल्या? आंघोळ घालताय का त्याला?"

"घालते की. तुझ्या लेकीपेक्षा शहाणा आहे, रडत तरी नाही."

लाकडं खडखडीत निघाली. तासाभराने तिने एक बादली ओतली, ढवळलं. दुसरी उचलायला गेली तर गुडघ्यातून कळ आली. म्हणून तिने आधी हात टेकवून पाहिला. गार.

"विझली," ती म्हणाली.

राख झाडांना घालावी म्हणून सून घमेलं घेऊन आली. तिने मूठभर राख घ्यायला उजवा हात घातला आणि किंचाळून मागे बसली. एका ओंडक्याच्या पोटाखाली निखारा तसाच जिवंत होता. म्हातारीने तिला ओढतच नळाशी नेलं, भाजलेली बोटं पाण्याखाली धरली. पण सून आपल्या बोटांकडे बघतच नव्हती.

"आई, तुमचा हात बघा."

पालथ्या हातावर रुपयाएवढा फोड टरारून आला होता. म्हातारी त्याच्याकडे दुसऱ्या कोणाचा असावा तशी बघत राहिली. साखरेचा आजार जुना. आधी पायाची बोटं बधिर झाली होती. हाताला मुंग्या यायच्या, तेव्हा तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

"कधीपासून कळत नाही?"

गेल्या वर्षीच्या शिबिरात तरी कळत होतं का? तिला आठवेना. तेव्हा चाळीस मुलं तिच्या शब्दावर कापडी तंबूंत झोपली होती.

"मी कोणाला सांगणार नाही," सून हळूच म्हणाली. "पाणी जास्त ओतत जा, झालं. तेवढंच तर आहे तुम्हाला वर्षातून एकदा."

म्हातारीने नळ आणखी सोडला आणि तिची बोटं पाण्याखाली धरली.

दुसऱ्या दिवशी तिने शिबिरप्रमुखाला गाठलं आणि हाताचं सगळं सांगितलं. तो लहानपणी याच शिबिरात येऊन गेलेला.

"मावशी, काहीतरीच काय! तुमच्या एका शब्दावर झोपायचो आम्ही."

"म्हणून तर सांगतेय, बाळा. तो शब्द आता माझ्याकडे नाही."

त्या संध्याकाळी जेवणाआधीच शेकोटी आवरली. दोन बादल्या ओतून, ढवळून झालं. मुलं सवयीने राखमावशीकडे बघू लागली. तिने सोबत आणलेल्या सुनेचा चांगला, डावा हात धरला आणि पालथा राखेवर टेकवला.

"अजून ऊब आहे, आई."

आणखी एक बादली आली. पुन्हा काठी फिरली, पुन्हा हात टेकला. सून सासूकडे बघत थांबली.

"माझ्याकडे काय बघतेस? तुला कळलंय ना? मग तूच सांग."

"विझली," सून म्हणाली. आवाज इतका बारीक की मागच्या मुलांनी "काय? काय?" विचारलं. मग तिला मोठ्याने सांगावं लागलं. मुलं जेवायला पळाली.

"चला, आई."

"हो पुढे. आलेच."

सगळे गेल्यावर म्हातारी उकिडवी बसली आणि तिने फोड चुकवून हात ओल्या राखेवर टेकवला. बराच वेळ ठेवला. मग तो उचलून गालाला लावला. गालाला तो गार लागला.