बारा काड्या

आइसक्रीमच्या काडीवर काळ्या शाईतली सुटी, मोठी अक्षरं – ‘बैलाचं काळीज’ – आणि काडी आपल्या ओळीत बोटभर मातीत रोवलेली, ताठ... लोर्नाने ती उपटली, पाहिली, पुन्हा खोचली. शेजारी ‘पिवळा नाशपाती’. त्यापलीकडे ‘जर्मन मावशी’. टोमॅटोच्या बारा जाती, बारा ओळी, बारा काड्या. आणि काल संध्याकाळी तर या सगळ्या तिने स्वतःच्या हाताने, वैतागून, फुटक्या मगात कोंबल्या होत्या – कारण मांजरीला लोळायला साऱ्या घरात खिडकीतला हा ट्रेच तेवढा सापडला होता. रोपं वाचली, काड्या जमिनीवर. या वयात टोमॅटोची रोपं सगळी एकसारखी, कुणाला ओळखू येणार? मरू दे, फळं धरतील तेव्हा कळेल, असं म्हणून ती झोपायला गेली होती.

नवऱ्याचंच, ग्लेनचंच काम असणार. दुसरं आहे कोण घरात? थोरली हेस्टर शनिवारपासून आजीकडे. ग्लेन पहाटे पाचला विजेच्या तारा जोडायच्या ट्रकवर जातो, त्याआधी अंधारात बसून बिचाऱ्याने... लोर्नाला एकदम त्याची माया आली आणि तिने फोन लावला.

“काड्यांबद्दल थँक्यू हं.”

“कसल्या काड्या?”

“टोमॅटोच्या! लावल्यास ना तू?”

“लोर्ना, मला सकाळी माझे मोजे सापडत नव्हते, तुझ्या काड्या कुठून सापडतील? आणि ती कोंबडीची पिल्लं बाथटबमधून कधी हलवणार आहेस? पंधरा दिवस मी मागच्या दाराच्या पायरीवर उभा राहून अंघोळ करतोय.”

“रविवारी हलवते.”

“कुठल्या रविवारी, तेही सांगून ठेव.” तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, “शुक्रवारचं लक्षात आहे ना?”

आहे की. शुक्रवार कसा विसरणार! शुक्रवारी तपासणीच्या बाई येणार. वर्षभराची नोंदवही बघणार, मुलींना समोर बसवून चार पानं वाचून घेणार आणि कागदावर सही करणार – किंवा करणार नाही. पेनसिल्व्हेनियात घरी शाळा घ्यायची तर एवढं करावंच लागतं. हेस्टरची काळजी नव्हती. काळजी होती टॅन्सीची, जी नऊ वर्षांची होती आणि जिला वाचता येत नव्हतं. ग्लेन वाईट माणूस नव्हे, पण त्याने ख्रिसमसलाच सांगून टाकलं होतं – ईस्टरपर्यंत वाट बघू, नाहीतर शाळा सुरू झाली की पिवळ्या बसमध्ये बसवू. ईस्टर होऊन दहा दिवस झाले होते.

आणि हे दिवस असे! बर्फ गेला, चिखल आला, डबक्यात बेडूक ओरडायला लागले, आणि लोर्नाच्या अंगात दरवर्षीचं वारं शिरलं. जेवणाच्या खोलीचा जुना भिंतीचा कागद खरवडायला घेतला, तो अर्ध्यावर. परसातलं कुंपण अर्ध्यावर. खणांच्या कपाटाला निळा रंग दिला, तोही दोनच खणांना. वाटाणे पेरायचे राहिले. गणिताचं पुस्तक मार्चपासून एकसष्टाव्या पानावर पालथं पडलेलं. एका कामावरून उठून दुसऱ्याला हात घालायचा – कारण हात रिकामा राहिला की तीच ती गोष्ट मनात येऊन बसायची, की मी हिचं वाटोळं केलं का... शेजारणींच्या सहा-सहा वर्षांच्या पोरी धडाधड वाचतात, आणि मी हौसेने घरी ठेवून...

“आई, चौथं पिल्लू फार आगाऊ आहे. दुसऱ्यांच्या डोक्यावरून चालतं.”

टॅन्सी. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात दाण्यांची बादली.

“बूट!”

“काढतेय ना.” एका पायावर उड्या मारत तिने बूट ओढला. मग तिची नजर खिडकीतल्या ट्रेकडे गेली – आणि लगेच, अगदी मुद्दाम, दुसरीकडे गेली.

“काय ग?”

“काही नाही. पाणी बदलू पिल्लांचं?”

ती गेल्यावर लोर्नाने नोंदवही ओढली. ओळींचा क्रम दुसरीकडे कुठेच लिहिलेला नव्हता. ‘विज्ञान – बी पेरणे’ म्हणून मार्चच्या एका पानावर तिनेच खरडला होता. पहिली ओळ, पहिली काडी. दुसरी, दुसरी... बाराही बरोबर. एकही चूक नाही. पण खूळ कशाला लावून घ्यायचं? पोरीने अक्षरांचे आकार जुळवले असतील, चित्रं जुळवतात तसे. लोर्नाने वही काडीजवळ धरली. काडीवरची अक्षरं सुटी, ठळक. वहीतली तिरकी, एकात एक गुंतलेली, धावत्या हाताची – ग्लेनला तर तिची किराण्याची यादीही लागत नाही, दुकानातून फोन करून विचारतो. यात आकार कुठला जुळणार? हे वाचावंच लागतं. बाई ग... हिने वाचलंय!

लोर्ना खाली बसली. खुर्चीवर नव्हे, चक्क जमिनीवर, सांडलेल्या मातीत. हसू येत होतं आणि डोळे वाहत होते, आणि दोन्ही आवरायचं कारण नव्हतं. देवा, येतं हिला. येतं! कधीपासून येतंय कोण जाणे.

मग वहीचं ते पान तसंच मांडीवर असताना तिची नजर समोरच्या पानावर गेली. तिचीच तिरकी अक्षरं, एका वाईट दिवसाची. ‘टॅन्सी अजून वाचत नाही. मला हे जमलं नाही. शाळेत घालायला हवी होती.’

ओळींचा क्रम शोधत शोधत ही पोर या पानावरून गेली होती. हे वाचलं, आणि मग बसून बारा काड्या लावल्या.

पण लपवलं का? इतके महिने, आई समोर घायकुतीला आलेली दिसत असताना? मुलगी लबाड नाही... आणि तेव्हा लोर्नाला हेस्टर आठवली, गेल्या थंडीतली, सोफ्यावर पाय पसरून धाकटीला ऐकवणारी – “शिकू नकोस ग बाई. मला वाचता आलं आणि दुसऱ्या दिवसापासून आईचं वाचून दाखवणं बंद.” सगळे हसले होते. लोर्नाही हसली होती. पण ते खरंच होतं. हेस्टर पाच वर्षांची असताना तिने पुस्तक मिटून अभिमानाने म्हटलं होतं, आता तुझं तू वाच. तेव्हा हेस्टरने काय केलं होतं? पुस्तक घेऊन खोलीत गेली होती. टॅन्सीला मात्र दुपारी जेवण झालं की एकाच चादरीखाली, कुशीत शिरून, अजून रोज एक प्रकरण मिळत होतं. ते सोडायचं नव्हतं पोरीला. एवढंच ना? अग, एवढंच होतं तर...

लोर्नाने पेन शोधलं. त्या वाईट दिवसाच्या ओळींवर काट मारली आणि खाली लिहिलं, सावकाश, पण अक्षर मुद्दाम सुटं न करता, नेहमीसारखंच धावतं: ‘काड्या बरोबर लागल्या. दुपारचं वाचन बंद होणार नाही. तू माझ्यापेक्षा उंच झालीस तरी नाही. हेस्टरलाही सांगायचं आहे, तिचंही पुन्हा सुरू.’ वही उघडीच ट्रेशेजारी ठेवली.

“टॅन्सी, रोपांना पाणी घाल ग तेवढं!” असं ओरडून ती जेवणाच्या खोलीत गेली आणि स्वयंपाकघराकडे पाठ करून भिंत खरवडायला लागली.

पावलं आली. झारीचं पाणी पडायला लागलं. मग थांबलं. लोर्नाचा हातही थांबला. वळून बघावं असं फार वाटलं, पण ती वळली नाही. बाहेर बेडूक ओरडत होते. शुक्रवारी बाईंसमोर ही तोंड उघडेल की नाही, ग्लेनला आज सांगायचं की तिलाच सांगू द्यायचं, कशाचाच पत्ता नव्हता. बऱ्याच वेळाने झारीचं पाणी पुन्हा पडायला लागलं.

“आई.”

“हं?”

“आज दुपारी दोन प्रकरणं वाचशील?”

“तीन वाचते.”

“नको. दोनच.” थोडं थांबून, “तिसरं... कोण वाचतं ते मग बघू.”

कागदाची एक पट्टी लोर्नाच्या हातात अर्धी सुटून लोंबत होती. ती तिने तशीच सोडली आणि हात धुवायला गेली. कामं सगळी होती तिथेच होती, पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला कशाचीच घाई नव्हती.