हलणारी तार

“मोजणीच्या दुर्बिणीला परत डोळा लावलास तर कान उपटीन, फाग्या!” हरिभाऊ ओरडले.

“उपटा! पन आधी सांगा, आतली आडवी तार वरखाली हलते कशी?”

हरिभाऊ म्हणजे जव्हारहून आलेले मोजणीदार. आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर झऱ्याचं पाणी घळीला वळसा घालून पाटानं आणता येईल का, ते बघायला आलेले. तीन दिवस मी त्यांची आकडेवाली पट्टी धरून दगडादगडावर उभा राहिलो. आज सकाळी म्हणतात, झरा पाड्यापेक्षा वीतभर खाली हाय. पाणी चढ चढत नाय. झालं, संपलं!

माझी बहीण पोशी दिवसाला तीन खेपा मारते. घळ उतरायची, चढायची, भरला हंडा घेऊन परत तेच. वीतभरासाठी!

“तार हलत नाही, तुझं डोकं हलतं,” हरिभाऊ म्हणाले. “शाळा सोडलेलं पोर मला शिकवतंय!”

“शाळा सोडली, डोळे नाय सोडले.”

बा मधे पडला. “गप रं पोरा. साहेबाला कळत नसंल व्हय?”

माझं टाळकं फिरलं. मी एक काडी उचलली, हात लांब करून धरली. “भाऊ, एक डोळा मिटा. काडी त्या वाघदेवाच्या दगडावर दिसते? आता मुंडी हलवा.”

“सरकली. मग?”

पळत गेलो, काडी दगडालाच टेकवून धरली. “आता हलवा!” तिथनं ओरडलो. “किती बी हलवा! सरकते?”

“नाही!” तिकडनं आवाज आला.

परत आलो. “तुमच्या दुर्बिणीच्या नळीत तार अलीकडं हाय, पट्टीचं चित्र पलीकडं. दोन्ही एका जागी नाय, म्हणून डोळा हलला की आकडा बदलतो. दर ठिकाणी दोन बोटं चूक. आन ठिकाणं मांडली वीस! तुमची वीत त्या चुकीतनंच आली असंल!”

हरिभाऊ वाकले. डोळा वर केला, खाली केला. मग नाकावरचा चष्मा काढून त्याच्याकडंच बघत बसले. ठाण्याहून आणलेला, नवाकोरा.

“हा लावल्यापासून नजर बदलली, पण तार जुळवायची डोळ्याजवळची कडी फिरवलीच नाही मी,” हळूच म्हणाले. फिरवली. पुढचा स्क्रूही फिरवला. तार ठोकल्यागत बसली.

मला वाटलं, जिंकलो. कसलं काय! “उद्या कागद द्यायचाय जव्हारला,” हरिभाऊ म्हणाले. “गाडी जुंपलीय.”

“जाऊ दे त्यांना,” बा म्हणाला. बा सगळ्यांनाच जाऊ देतो.

“चुकीचा कागद येळंवर देऊन काय करणार?” मी ओरडलो.

“आणि परत मोजून झरा खालीच निघाला तर?” हरिभाऊंनी विचारलं.

“तर पोशीच्या खेपा मी मारीन. लगीन होऊन जाईस्तवर तिनं हंडा उचलायचा नाय.”

घळीपलीकडनं पोशी येत होती. हरिभाऊंनी तिच्याकडं पाहिलं आन भाकरीचं फडकं सोडलं. “भाकर खाऊन पहिलं ठिकाण परत बघतो. दोन बोटांचा फरक निघाला तर राहतो, सगळं पुन्हा मोजतो. नाही निघाला तर चाललो.”

तेवढ्यात त्यांच्याच रद्दी कागदावर हे लिहितोय. किती सावकाश चावतो हा माणूस! बैल फुरफुरतायत, बा मला डोळे दाखवतोय.

शेवटचा तुकडा तोंडात गेला. पट्टी घेऊन पहिल्या दगडावर उभं राहायचंय. चाललो मी आता.