माझ्यासमोरच्या दगडी पायऱ्या

मित्रांनो, इतर जिने माणसांनी चढावयाचे असतात. परंतु ज्याच्यावर माणूस नुसता उभा राहतो आणि चढण्याचे कष्ट जिन्यालाच पडतात, असा मी एक सरकता जिना. वय वर्षे सोळा. यंत्राच्या जातीत हे वार्धक्यच समजावे.

अहिल्यानगर शहराबाहेर मनमाड रस्त्याला एक काचेचा भव्य मॉल उभा राहिला. त्याच्या मधोमध माझी स्थापना झाली. माझी देखभाल फैयाजभाईंकडे होती. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला ते "बिस्मिल्ला" म्हणून किल्ली फिरवीत आणि माझ्या पायऱ्या ओळीने वर निघत.

त्या काळचे माझे वैभव काय वर्णावे! नेवाशाहून, पारनेरहून माणसे केवळ मला पाहावयास येत. कित्येक जण माझ्या पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळी नेत. खर्ड्याच्या आक्काबाईंनी तर पहिल्या खेपेस वहाणा खालीच काढून ठेवल्या. वर पोचल्यावर त्या ओरडल्या, "आगं बया, मी आली अन् माझ्या वहाना खालीच ऱ्हायल्या!" सारा मॉल हसला. पुढे त्या लेकाकडे सावेडीस राहावयास आल्या. वरच्या मजल्यावर सुरय्याभाभींचे शिवणाचे दुकान होते. तिथे आक्काबाई आठवड्यातून एकदा येत आणि दुखरे गुडघे घेऊन माझ्यावर विश्वासाने उभ्या राहत.

परंतु दिवस पालटले. माणसे घरबसल्या मोबाईलवर वस्तू मागवू लागली. एकेक दुकान बंद झाले. पुढे नव्या मालकांनी ठरविले की, मॉलचे छप्पर काढावे, मधून पायी चालण्याचा रस्ता न्यावा, दुतर्फा झाडे लावावीत आणि दुकानांची तोंडे उघड्या आभाळाकडे करावीत. छप्पर फुटले, त्या दिवसापासून माझ्या अंगात माती शिरू लागली. फैयाजभाई मालकांकडे तेल मागत राहिले. "उद्या पाठवतो" एवढेच उत्तर येई. मग ते फडके घेऊन हातानेच माती काढीत.

त्याच सुमारास बिभीषण नावाच्या गवंड्याने माझ्या बरोबर समोर, वरच्या मजल्यावर जाण्यासाठी, काळ्या दगडाच्या पंचवीस रुंद पायऱ्या बांधल्या. मित्रांनो, माझ्या मत्सराचा जन्म तिथे झाला.

कामावर देखरेख करणाऱ्या संस्कृती मॅडम फैयाजभाईंना म्हणाल्या, "पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवू. जिना लोकांना लागतोय असं दिसलं, तर त्याच्यावर छप्पर घालून देईन. नाहीतर काढावा लागेल."

"लागतो, मॅडम. ज्याचे गुडघे गेलेत त्याला विचारा," फैयाजभाई म्हणाले.

माणसे माझ्यावरून जात होती, हे खरे. परंतु त्या पायऱ्यांवर ती बसत होती! देवदर्शन झाल्यावर देवळाच्या पायरीवर घटकाभर टेकावे, ही आपल्याकडची रीत. ती रीत लोकांनी बाजारातही आणली. पिशव्या शेजारी ठेवून बायका तिथे टेकत. कॉलेजच्या मुली भेळ खात. म्हातारे एकमेकांना तंबाखू देत. मी दिवसभर राबावे आणि त्या दगडाने जागचे न हलता माणसांचा सहवास भोगावा, हा कुठला न्याय?

त्यातही एक दृश्य माझ्या जिव्हारी लागले. एके दुपारी फैयाजभाई स्वतःच चहाचा पेला घेऊन तिथे बसले. माझ्याकडे पाठ करून!

"बिभीषण, काय गार दगड बसवलाय रे!"

"मग! तुमच्या जिन्यावर बसून बघा की एकदा. चहा खाली अन् तुमी वर!"

दोघेही हसले. माझ्या साखळ्या आतल्या आत करकरल्या.

पंधरावा दिवस उजाडला. संस्कृती मॅडम फैयाजभाईंना म्हणाल्या, "तुमचं खरं होतं. म्हातारी माणसं यावरूनच जातात. ठेवू या जिना." फैयाजभाईंनी माझ्या कठड्यावर थाप मारली. तेवढ्यात आक्काबाई कापडाची पिशवी घेऊन माझ्यावर चढल्या. निम्म्यावर आल्या असता त्या खाली पाहून म्हणाल्या, "फैयाजभाऊ, हितं सोय लई हाय, पर टेकता न्हाई येत. त्या पायऱ्या बघा, म्हायेरावानी वाटत्यात."

आणि मी थांबलो.

कठडा धरून आक्काबाई सावरल्या. "रुसला का काय ह्यो? असू द्या, मला टेकायचंच हुतं," असे म्हणून त्या माझ्या पायरीवर बसल्या. मित्रांनो, सोळा वर्षांत माझ्यावर कोणी बसले नव्हते. तो भार मला फुलासारखा वाटला. फैयाजभाईंनी धावत येऊन किल्ली फिरविली. पुन्हा फिरविली. मी चाललो असतो, तर त्या उठल्या असत्या. मी चाललो नाही.

"आत माती गेलीय मॅडम, तेल नव्हतं," फैयाजभाई कळवळून सांगत होते. माती होती, तेल नव्हते. हे सर्व खरे होते. परंतु त्या क्षणी मला थांबविले ते मत्सराने, हे मी आजवर कोणास सांगितलेले नाही.

"फैयाजभाई, उद्या अशीच एखादी आजी पडली तर?" मॅडमनी विचारले. फैयाजभाईंनी आक्काबाईंना हात धरून खाली आणले आणि दम खावयास बसविले. कुठे? त्याच दगडी पायऱ्यांवर.

माझी किल्ली त्याच दिवशी काढून घेतली गेली. परवा क्रेन येणार आहे.

बालमित्रांनो, जे यंत्र तुमच्यासाठी राबते, त्याला वेळच्या वेळी तेल द्या, ही माझी विनंती. आणि दुसऱ्याचा मान पाहून आपल्या हातचे काम टाकू नका. ज्याला जे साधते, त्यावर कोणीतरी विसंबून असते.

आज आक्काबाई सुरय्याभाभींकडे निघाल्या आहेत. दगडाच्या चौथ्या पायरीवर त्या थांबल्या. एक हात गुडघ्यावर आहे, दुसरा आधार शोधतो आहे. अजून एकवीस पायऱ्या उरल्या आहेत. मी समोरच उभा आहे आणि आता मला चालावयाचे आहे.